जिना आतून की बाहेरून?

सांगलीत घर चौरस फुटांत सांगतात ते फक्त बाहेरगावच्या माणसाला. आपापसांत आम्ही नुसत्या फुटांत बोलतो. "तुमच्याकडं किती फुटाला येतंय?" हा प्रश्न इथे गल्लीचं नाव विचारण्याच्या आधी येतो, आणि विचारणाऱ्याला तुमच्या दिवाणखान्याच्या लांबीरुंदीत काडीचा रस नसतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, आणि त्याच्यापुढे ज्याच्या त्याच्या घराचा आपला एक आकडा. सूर्यवंशी प्लॉटातल्यांचा आकडा आधी लागतो, आम्हा गावभागातल्यांचा जरा नंतर. या 'जरा नंतर'चा आम्हाला बराच अभिमान आहे.

इथल्या पोराला सतराचा पाढा येत नसेल, पण क्युसेक कळतात. कोयनेत 105 टीएमसी मावतं, अलमट्टीची पातळी 519.60 मीटर आणि कर्नाटकाला ती 524 च्या वर न्यायची आहे, हे ज्ञान दाढी करता करता मिळतं. न्हावी वस्तरा मानेवर ठेवून विसर्गाचा आकडा सांगतो तेव्हा वाद घालायची सोय नसते.

2005 चा पूर आला तेव्हा गल्लीतले म्हातारे म्हणाले, असा पूर जन्मात एकदाच. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा तेच म्हातारे म्हणाले, असा शंभर वर्षांत एकदाच. 2021 च्या जुलैत पुन्हा आलं तेव्हा म्हाताऱ्यांना कुणी विचारलंच नाही.

आमच्या बोळकंडीच्या भिंतीवर या सगळ्याची नोंद आहे. त्याच भिंतीवर चिरंजीवांची उंचीही दर वाढदिवसाला पेन्सिलने आखली जाते, त्यामुळे दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळलेत. 2005 ची रेघ घोट्याच्या वर, तेव्हा हा जन्मायचाच होता. 2019 ची रेघ माझ्या छातीला लागते, त्याच्या त्या वर्षीच्या टाळूच्या चार बोटं वर. 2021 ला पाणी गुडघ्यापाशी थांबलं आणि पोरगं तोवर खांद्याला आलेलं. "बाबा, मी जिंकलो," असं तो म्हणाला तेव्हा आम्ही सगळे खराट्याने गाळ ओढत होतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तर तेव्हापासून आमच्या घरात एक विषय दर जुलैत वर येतो आणि गणपती बसले की खाली जातो. आहे त्या घरावर मजला चढवायचा, की हे सगळं सोडून विश्रामबागला फ्लॅट घ्यायचा?

विश्रामबाग उंचावर आहे. गावभागातल्या प्रत्येक घराचा एक तरी नातेवाईक तिथे असतो, आणि पुलापाशी पाणी जसजसं चढतं तसतसं त्या नात्याचं अंतर कमी होतं. उन्हाळ्यात जो 'बायकोच्या मावसभावाचा साडू' असतो तो 42 फुटांना 'आमचे घरचेच' होतो. आमचे तर सख्खे मामा तिथे. 2019 ला आम्ही त्यांच्याकडे होतो, आणि आमच्यासारखे आणखी काही सख्खे. पहिल्या दिवशी मामींनी शिरा केला. मग उप्पीट आलं. मग पोहे आले, पण कोथिंबीर गेली. शेवटी "घ्या की तुमच्या हातानं, घर तुमचंच आहे" हे वाक्य आलं, आणि हिने तिथल्या तिथे माझ्याकडे अशी नजर टाकली की फ्लॅटचा विषय त्या क्षणी जन्माला आला म्हणायला हरकत नाही.

मजल्याचा विषय मात्र फार जुना. तो 1984 चा.

वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. आजोबांचं मातीचं घर पाडून त्यांनी त्याच जागेवर हे आरसीसीचं तळमजल्याचं घर बांधलं. बांधकामाची वही आजही कपाटात आहे. तिच्यात सिमेंटच्या पोत्यांची नोंद मुलांच्या जन्मतारखांपेक्षा ठळक अक्षरात आहे, आणि ते रास्तच होतं. ते दिवस सिमेंटचे होते. सिमेंट वाटपाच्या प्रकरणातच 1982 च्या जानेवारीत अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. नंतर सिमेंट अर्धवट खुलं झालं, पण नियंत्रण पूर्ण उठायला 1989 उजाडलं. म्हणजे आमचं घर बरोबर मधल्या काळातलं: काही पोती सरकारी भावाची, काही बाजारभावाची, आणि काहींपुढे वहीत नुसतं 'मिळाली' एवढंच लिहिलंय.

एवढ्या कष्टाने स्लॅब पडला, तरी वडिलांचं समाधान तळमजल्यावर थांबलं नाही. त्यांनी कॉलमच्या सळया गच्चीवर दीड-दीड हात वर सोडायला लावल्या. "पुढेमागे पोरांना वर चढवायचं झालं तर." महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बापाने उच्चारलेलं सर्वांत खर्चिक वाक्य हेच असावं.

आमच्या गच्चीवर उभं राहिलं की अर्ध्या गावभागाच्या गच्च्या दिसतात, आणि एकेका गच्चीवर चार-आठ कोपऱ्यांतून एकेका बापाची अपेक्षा गंजत उभी असलेली दिसते. ज्यांच्यासाठी ती सोडली ती पोरं पुण्यात, हिंजवडीला, बंगळूरला. त्यांनी तिकडे ज्या इमारतींत फ्लॅट घेतलेत तिथे गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते.

सळया मात्र रिकाम्या बसलेल्या नाहीत. आमच्या चार सळयांना कपडे वाळत घालायची तार आहे, एकीला केबल गुंडाळलेली आहे, एकीला पाडव्याची गुढी बांधतात. टोकं लागू नयेत म्हणून त्यांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्यात. तरी आत्याचं इरकल एका सळीने फाडलंच. तो प्रसंग आमच्या घराण्यात पुराच्या बरोबरीने सांगितला जातो.

यंदा हिने निर्वाणीचं सांगितलं की जुलैच्या आत काय ते ठरवा. तेव्हा आधी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री वडिलांच्या वेळच्या मिस्त्रीचा मुलगा. त्याने चपला जिन्यापाशी काढल्या, म्हणजे जिथे जिना होऊ शकला असता तिथे. सध्या गच्चीवर जायला मागच्या अंगाला लोखंडी शिडी आहे. वर चढला, कॉलमच्या टोकावर थापी उलटी करून दोनदा ठोकली, कान लावला, आणि म्हणाला, "साहेब, लोखंड हाय लोखंड. माझ्या बापाचं काम हाय. डोळं झाकून दोन मजलं चढवा."

"सळया गंजल्यात त्याचं काय?"

"वरवरचा गंज त्यो. तारंचा ब्रश मारला की बायकोबी म्हणंल नवीन आणली."

मग इंजिनिअरला बोलावलं. हा तरुण, वालचंद कॉलेजमधून बाहेर पडलेला, बोलण्याआधी विचार करणारा, त्यामुळे आईला तो पहिल्या भेटीत फारसा हुशार वाटला नाही. त्याने थापी नाही आणली. एक स्प्रिंगचा हातोडा आणला, तो कॉलमला ठिकठिकाणी टेकवून दाबला आणि दर वेळी एक आकडा वहीत लिहिला. मिस्त्री हे लांबून बघत होता. एका वैद्याने दुसऱ्या वैद्याकडे बघावं तसं.

इंजिनिअरचा अहवाल असा: त्या काळी एक-दोन-चारचं काँक्रीट करत, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. आजच्या भाषेत साधारण एम-15. आताचं प्रमाण आरसीसीला किमान एम-20 मागतं. कॉलम नऊ इंच बाय नऊ इंच. आठ महिने तहानलेली आणि चार महिने फुगलेली काळी माती पायाखाली. त्यात तीनदा पुराचं पाणी पायात जिरलेलं. बाहेर राहिलेल्या सळया कामाच्या नाहीत. कॉलम खालपासून वरपर्यंत जाड करावे लागतील, त्याला जॅकेटिंग म्हणतात, आणि मग एक मजला चढवता येईल. दोन नाही. एक.

कॉलमना जॅकेट घालायचं हे ऐकल्यावर आईने थंडीपर्यंत थांबता येईल का, असं विचारलं.

मग आई खुर्चीत सावरून बसली. "हे बघ बाळ, 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. मी नवी नवरी. भांडी फळीवरून खाली आली, आम्ही सगळे रस्त्यावर येऊन बसलो. पण या घराला काही झालं नाही."

"आजी, ते घर वेगळं होतं. मातीचं. हे 84 चं."

"घर वेगळं असेल. माणसं तीच होती."

या युक्तिवादावर वालचंदमध्ये काही शिकवत नसावेत. तो वही मिटून चहा प्यायला लागला.

खर्चाचा आकडा दोघांनी वेगवेगळा सांगितला, पण शेपूट एकच होतं: "मटेरियल वाढलं तर मग वेगळं." मटेरियल कधी कमी झाल्याची सांगलीच्या इतिहासात नोंद नाही. शेजारपाजारचे जे जे चौकशीला आले त्यांनी 'घर पाहावं बांधून' ऐकवलं. तेव्हापासून ही म्हण म्हणणाऱ्याला चहा द्यायचा नाही असं हिने ठरवलंय. दूध वाचतंय.

मग कागद. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर घर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा 1979 ला गेले. उताऱ्याला कुणी कळवलंच नाही. वडिलांनी त्यांच्या नावावर घर बांधलं, घरपट्टी भरली, आणि कागद 'पुढेमागे' बघू म्हणून ठेवला. म्हणजे आता वारस म्हणून दोन आत्या आल्या. एक मिरजेला आहे, दुसरी वारली, तिची मुलं बेळगावला. परवानगी मागायची तर हक्कसोडपत्र हवं.

मिरजेच्या आत्याला फोन केला. "सही का, आत्ता येते. त्यात काय विचारायचं? भावाचं घर ते आमचं घर," असं म्हणून तिने लगेच विचारलं, "पण माझी खोली कुठली राहील?"

"कुठली खोली, आत्या?"

"लग्नाआधी मी झोपायचे ती."

"अगं, ती जुन्या घरातली. ती 84 लाच पाडली."

"खोली पाडली रे. मी कुठे काय सोडलंय?"

वकिलाने नंतर सांगितलं की कायद्याने बघता आत्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याने त्याची फी घेतली. आत्याने हाच सल्ला फुकट दिला होता.

पूररेषेचं वेगळंच. नदीकाठच्या गावांना निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नवीन बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून परवानगी. हे ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच की नकाशावर आमचं घर उडदाच्या डाळीएवढं आहे आणि रेषेची जाडी त्याच्या निम्मी. न्हाणीघर रेषेच्या कुठल्या बाजूला जातं यावर भिंग लावून बघणाऱ्यांत एकमत होईना. आई म्हणाली, "नदीला विचारा. तिला तिन्ही वेळा बरोबर सापडलं होतं." शेवटी इंजिनिअरने मोजणी करून आणली आणि घर दोन रेषांच्या मध्ये निघालं. आमच्याकडे एवढा आनंद चिरंजीव पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

हे चाललेलं असताना ही गप्प बसली नव्हती. तिने विश्रामबागेतल्या एका इमारतीत सॅम्पल फ्लॅट बघायचं ठरवलं. आम्ही आईसकट गेलो. ज्यांनी सॅम्पल फ्लॅट पाहिलेला नाही त्यांना सांगतो: तिथे आतल्या दारांना पल्ले नसतात, आणि पलंगावर झोपून बघू देत नाहीत. मी नुसता हाताने मापला. त्या पलंगावर साडेपाच फुटांचा माणूस पाय दुमडून झोपू शकतो, आणि मग खोली प्रशस्त दिसते.

क्षेत्रफळाचं प्रकरण माहितीपत्रकावरून समजत नाही. रेरा आल्यापासून, म्हणजे 2017 पासून, कार्पेटवर विकायचा नियम झाला. तरी बोलताना माणसाच्या तोंडून आधी मोठा आकडा बाहेर पडतो, त्यात जिना, लिफ्ट, भिंतींची जाडी आणि बहुधा समोरचा रस्ताही धरलेला असतो. आपण "कार्पेट किती?" असं विचारलं की चेहरा पडतो आणि खरा आकडा खालच्या आवाजात येतो.

आईला या दोन्ही आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. ती जागा पानांत मोजते. हॉलच्या मधोमध उभी राहिली, डोळ्यांनी पंगत मांडली, आणि म्हणाली, "सहा पानं. सोफा काढला तर आठ. श्राद्धाला काय करायचं?" दाखवणारा मुलगा म्हणाला, "आजी, क्लब हाऊस आहे ना." आईने त्याच्याकडे पाहिलं. पितरांना क्लब हाऊसला बोलावण्याची कल्पना तिच्या पचनी पडायला वेळ लागला असता.

स्वयंपाकघरात तिने विचारलं, "वाळवण कुठे घालायचं?"

"ड्राय बाल्कनी आहे."

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनची जागा होती, आणि मशीन ठेवल्यावर उरलेल्या जागेत एक कुरडई वाळू शकली असती. तीही उभी.

हिला मात्र फ्लॅट पसंत होता. खिडकीतून वारा येत होता, नळाला पाणी होतं, पुलाचा आकडा विचारायचा नव्हता. पैशाचा हिशेब तिने घरी आल्यावर मांडला. समजा 60 लाखांचा फ्लॅट. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजार. नोंदणीचे 30 हजार. एकूण 6 लाख 90 हजार, आणि अजून आपण आत एक खिळाही ठोकलेला नाही. "पण," ती म्हणाली, "बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. 60 हजार वाचतात." हे तिने अत्यंत निःस्वार्थ चेहऱ्याने सांगितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, शासनाच्या एखाद्या धोरणाचा तिने इतका बारकाईने अभ्यास केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

फ्लॅटचे पैसे उभे करायचे तर हे घर विकायला हवं. एजंट आला. त्याने घर फिरून बघितलं, बोळकंडीत थांबला, भिंतीवरच्या रेघा वाचल्या, आणि म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक आणायच्या आधी एवढं तेवढं पांढरं करून घ्या." हे आईने ऐकलं. "त्या भिंतीला हात लावायचा नाही. माझ्या नातवाची उंची आहे तिथं." एजंट म्हणाला, "आजी, मी नातवाचं नाही म्हणत. दुसऱ्याचं म्हणतोय." दुसऱ्याचं म्हणजे कृष्णामाईचं. पुढे त्याने असंही सांगितलं की गावभागातलं घर दाखवायचं तर ते मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा नदी एवढी बारीक असते की तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

शिवाय घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर घ्या, नाहीतर तीन वर्षांत बांधा, असं प्राप्तिकराचा कायदा म्हणतो. कायदा करणाऱ्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही. इथे गीझर कुठल्या भिंतीला लावायचा हे ठरायला याहून जास्त काळ गेला होता.

असं सगळं झाल्यावर एका रविवारी बैठक बसली. पुण्याचा धाकटा भाऊ फोनच्या पडद्यावर, आत्या मिरजेहून प्रत्यक्ष, मामा विश्रामबागहून तटस्थ निरीक्षक म्हणून, आणि इंजिनिअर नकाशा घेऊन. मला वाटलं होतं, पैशावरून तंटा होईल. पैशाचं कुणी काढलंच नाही. इंजिनिअरने नकाशा पसरला आणि सहज विचारलं, "जिना आतून घेऊ की बाहेरून?"

पुढचे दोन तास तेवढ्यावर गेले.

आई म्हणाली, आतून. वर कोण जातं, कोण येतं, खाली कळायला नको? ही म्हणाली, बाहेरून. वरचा मजला कॉलेजच्या मुलींना भाड्याने देता येईल, आणि उद्या सून आली तर तिला तिचा संसार मोकळेपणाने करता येईल. सून यायला किमान बारा वर्षं आहेत, पण आईने तेवढ्यात हिच्याकडे असं पाहिलं की या मोकळेपणाची मागणी नेमकी कुठल्या सुनेची आहे हे तिला कळलेलं दिसलं. भाऊ पडद्यावरून म्हणाला, "दादा, बाहेरूनच घे. आम्ही आलो की रात्री-अपरात्री तुम्हाला त्रास नको." माझा भाऊ वर्षातून गणपतीला येतो, आणि तोही दुपारच्या गाडीने. आत्या म्हणाली, आतून; मला गुडघ्याने चढवत नाही. म्हणजे तिची खोली खाली धरायची, हे तिने याच वाक्यात मार्गी लावलं. चिरंजीव हळूच बाहेरून म्हणाले, आणि कारण विचारल्यावर 'व्हेंटिलेशन' म्हणाले. मामा म्हणाले, माझं काही मत नाही, पण पूर आला तर सामान वर न्यायला आतला जिना बरा आणि होडीत उतरायला बाहेरचा.

मी कुणाच्याच बाजूने बोललो नाही, कारण मला आमची गल्ली दिसत होती. गावभागात घराच्या दर्शनी अंगाला लोखंडी गोल जिना दिसला की कुणाला काही विचारावं लागत नाही. वाटणी झाली. तो जिना बसवताना बहुतेक 'पाहुण्यांची सोय' म्हणूनच बसवलेला असतो. मग वरच्या मजल्याला वेगळा मीटर येतो, मग वेगळी घंटा, आणि मग गणपती दोन. आमच्याच गल्लीत दोन सख्खे भाऊ एका छपराखाली राहून बोलत नाहीत. 2019 ला दोघं एकाच होडीतून निघाले आणि दोघांनी आपापलं तोंड वेगवेगळ्या काठाकडे ठेवलं. उलट ज्यांचा जिना आतून आहे त्यांची भांडणं रोज होतात, सगळ्या गल्लीला ऐकू येतात, आणि रात्री जेवण एकत्र होतं. यातलं बरं कुठलं ते मला आजही सांगता येणार नाही. गल्लीची करमणूक दुसऱ्यात जास्त होते हे नक्की.

हिने शेवटचा बाण सोडला: "म्हणून म्हणते फ्लॅट घ्या. जिन्याचा प्रश्नच नाही. लिफ्ट असते."

आई म्हणाली, "लिफ्ट म्हणजे बाहेरचाच जिना. फक्त वीज खाणारा."

तिढा शेवटी इंजिनिअरने सोडवला, आणि तेव्हापासून आईचं त्याच्या हुशारीबद्दलचं मत सुधारलंय. त्याने जिना सोप्यातून काढला. सोपा म्हणजे आमच्याकडे घराचा पुढचा भाग: चप्पल घालून चालतो पण पाहुणा बसतो, छत आहे पण समोरची भिंत नाही. आईच्या मते सोपा घरात धरतात, म्हणून जिना आतून. हिच्या मते सोपा घराबाहेर, म्हणून जिना बाहेरून. भावाने पडद्यावर अंगठा दाखवला. आत्याला खाली खिडकीची खोली मिळाली, हक्कसोडपत्रावर सही झाली, आणि तिच्या बेळगावच्या भाच्यांनी 'मावशी म्हणेल ते' असं कळवलं.

तर हलायचं नाही, वाढवायचं. एकच मजला, कॉलमना जॅकेट घालून, काम दिवाळीनंतर. मिस्त्री तोच, पण ठोकून बघायचं नाही या अटीवर. जुन्या सळया कापायच्या असं इंजिनिअरचं म्हणणं, आणि कपड्यांची तार मग कुठे बांधायची हा हिचा प्रश्न त्याने लेखी टिपून घेतलाय.

आता वाद राहिलाय तो जिन्याखालच्या जागेचा. साडेतीन फूट रुंद, पुढून उंच, मागे उतरती. आईला तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या आहेत. हिला वॉशिंग मशीन. चिरंजीवांना सायकल. आत्याला वाटतं तिथे तिची ट्रंक बरोबर बसेल. भावाने निरोप पाठवलाय की त्याची काही खोकी आहेत. इंजिनिअर म्हणतो, ती जागा मोकळीच ठेवा. त्याचं लग्न अजून व्हायचंय.